'रोज बॅकअप होतो, डॉक्टर!' मग आजोबांची ॲलर्जी कुठं गेली?

या ब्लॉगवर मी सहसा बीपी, शुगर, लसी, साप चावल्यावर काय करायचं अशा विषयांवर लिहितो. आजचा विषय पाहून काही जण म्हणतील, डॉक्टरांनी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं की काय! पण विषय तुमच्या फाइलीचा आहे. ती फाइल हरवली तर काय होतं ते मी याच वर्षी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहितोय. आणि थोडा रागानंच लिहितोय.

श्रावणातली गोष्ट. अनसिंगजवळच्या एका खेड्यातले सत्तरीचे आजोबा आले. पाय लालभडक, सुजलेला, ताप भरलेला. शेतात काही तरी लागलं होतं आणि जखम चिघळली होती. याला आम्ही सेल्युलायटिस म्हणतो, म्हणजे कातडीखालच्या थरात पसरलेला जंतुसंसर्ग. दाखल करून घेतलं. कॉम्प्युटरवर नाव टाकलं तर ते जुने पेशंट निघाले, पण शेवटची भेट दिसत होती गेल्या दिवाळीची, सर्दी-खोकल्याची. मी विचारलं, "आजोबा, एखादं औषध तुम्हाला सोसत नाही असं काही?" ते म्हणाले, "नाही बा, तसं काई नाही." सिस्टरनं ॲमॉक्सिसिलिनचं इंजेक्शन भरलं.

तेवढ्यात सूनबाई पुढं आल्या. हातात कापडी पिशवी. "डाक्टरसाहेब, हे वालं इंजेक्शन हाय का? होळीच्या टायमाले यायले यानंच रियाक्शन आलती." पिशवीतून त्यांनी चार घड्या पडलेला कागद काढला. आमच्याच दवाखान्याचा छापील डिस्चार्ज कागद, खाली माझी सही: ॲमॉक्सिसिलिननंतर अंगभर गांधी, ओठांवर सूज, पुन्हा देऊ नये.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहिल्या वेळी गांधी आणि सूज आलेल्या माणसाला तेच औषध पुन्हा शिरेतून दिलं तर काही मिनिटांत श्वासनलिका आवळू शकते, रक्तदाब कोसळू शकतो. याला ॲनाफायलॅक्सिस म्हणतात. ॲड्रेनॅलिन हाताशी असलं तरी सत्तरीच्या माणसाला त्यातून बाहेर काढताना घाम फुटतो. आजोबांना दुसरं औषध दिलं, पाय बरा झाला, ते घरी गेले. वाचवलं ते सूनबाईंनी, माझ्या कॉम्प्युटरनं नाही. आणि माझी प्रश्न विचारायची पद्धतही चुकीचीच होती. 'सोसत नाही का' असं विचारायचं नसतं, 'कधी रिअ‍ॅक्शन आली होती का' असं विचारायचं. तो शब्द आपल्याकडे सगळ्यांना कळतो.

आता मुख्य प्रश्न. होळीला आमच्याच कॉम्प्युटरनं तो कागद छापला होता. म्हणजे त्याला तेव्हा माहीत होतं. श्रावणात तो कसा विसरला?

उत्तर असं. ज्येष्ठात विजा कडाडल्या आणि आमच्या सर्व्हरची डिस्क गेली. घाबरायचं कारण नव्हतं, कारण सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीच्या पुण्यातल्या सर्व्हरवर रोज रात्री बॅकअप जात होता. मी फोन केला, पलीकडून सांगितलं गेलं, "सर, रोज बॅकअप होतो. रोज हिरवी टिक आहे." आणि तरीही परत आलेल्या माहितीत जानेवारीपासून पुढचे पाच महिने गायब. ते खोटं बोलत नव्हते. बॅकअप खरंच रोज होत होता. फक्त तो कसला होता हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

सातबारा आणि फेरफार

लांबच्या सर्व्हरवर माहितीची प्रत ठेवायच्या मुख्य पद्धती दोन. फुल बॅकअप म्हणजे दर वेळी सगळंच्या सगळं पाठवायचं. इन्क्रिमेंटल बॅकअप म्हणजे पहिल्यांदा एकदाच सगळं पाठवायचं, मग रोज फक्त कालपासून जे बदललं तेवढंच पाठवायचं.

शेतकऱ्याला हे समजवायला कॉम्प्युटर लागत नाही. फुल म्हणजे सातबारा. इन्क्रिमेंटल म्हणजे फेरफार. तुमच्याकडे एक जुना सातबारा आणि त्यानंतरचे सगळे फेरफार क्रमानं असतील तर आजचा सातबारा तुम्ही घरी बसून तयार करू शकता. वारस लागले, वाटणी झाली, अर्धा एकर विकला, बँकेचा बोजा चढला, उतरला. पण मधला एकच फेरफार हरवला, समजा भावांच्या वाटणीचा, तर काय होतं? पुढचे फेरफार हातात असूनही उपयोगाचे राहत नाहीत. धाकट्या भावानं त्याचा हिस्सा विकल्याची नोंद आहे, पण त्याचा हिस्सा कुठून आला याचीच नोंद नाही. म्हणूनच हस्तलिखित सातबाऱ्याच्या काळात दर दहा वर्षांनी पुनर्लेखन व्हायचं: सगळं जमेस धरून नवा कोरा सातबारा लिहायचा. त्या पुनर्लेखनातही चुका व्हायच्या, कलम 155 खाली दुरुस्त्या करत लोक चपला झिजवतात ते आपण पाहतोच. पण फेरफारांची साखळी अनंत लांबू द्यायची नाही एवढं शहाणपण महसूल खात्याला कॉम्प्युटर यायच्या आधीपासून होतं.

आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना ते नव्हतं. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सॉफ्टवेअर बसवलं त्या दिवशी एक फुल बॅकअप गेला. त्यानंतर चौदा महिने फक्त रोजचे तुकडे. जानेवारीत एका रात्री तुकडा अर्धा गेला असताना नेट तुटलं. अर्धी फाइल पुण्यात पोचली, प्रोग्रामनं तिलाच पूर्ण समजून टिक केली. दुसऱ्या दिवसापासून पुढचे तुकडे नीट जात राहिले. ज्येष्ठात माहिती परत उभी करायला घेतली तेव्हा गाडी जानेवारीच्या त्या रात्रीपाशी अडली ती अडलीच. पुढचे जवळजवळ दीडशे तुकडे ठणठणीत, आणि सगळे निरुपयोगी. आजोबांची होळी त्यांच्यातच होती.

थोडं गणित करू या. समजा रोजचा तुकडा नीट पोचण्याची शक्यता हजारात 999 आहे. फार चांगली वाटते ना? पण सगळे तुकडे एकाच वेळी शाबूत असण्याची शक्यता काढायला ती तितक्या वेळा गुणावी लागते. 30 दिवसांच्या साखळीत ती 97 टक्क्यांवर येते. 365 दिवसांच्या साखळीत 69 टक्क्यांवर. म्हणजे वर्षभर नव्यानं फुल न घेतलेल्या साखळीचा, याच हिशोबानं, दहात तीन वेळा कुठं तरी तुकडा पडलेला असेल. 999 हा आकडा मी समजुतीसाठी धरलाय; तुमच्याकडे लाइन वारंवार जात असेल तर स्वतःच कमी करून बघा.

ऑपरेशनच्या टेबलावर पेशंट घेताना 'दहात तीन वेळा ॲनेस्थेशियाचं मशीन बंद असतं, पण कागदावर रोज टिक आहे' असं कुणी सांगितलं तर आपण काय म्हणू?

'सर, तुमच्या लाइनवर फुल जाणारच नाही'

हा त्यांचा बचाव, आणि तो मी आधी प्रामाणिकपणे मांडतो, कारण त्यात दम आहे.

आमच्याकडे एक्स-रे, सोनोग्राफीची चित्रं, स्कॅन केलेले कागद धरून साधारण 400 जीबी माहिती आहे. आमची लाइन बाहेर पाठवताना भरवशानं देते 10 एमबीपीएस. 400 जीबी त्या वेगानं पाठवायला, एक क्षणही न थांबता, जवळजवळ 89 तास लागतात. पावणेचार दिवस. दिवसा ओपीडी चालू असताना लाइन अडवता येत नाही, म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा एवढीच वेळ. त्या आठ तासांत जातात 36 जीबी. एक फुल बॅकअप अकरा-बारा रात्री. मधे वीज गेली तर पुन्हा रखडलं. उलट रोजची नवी भर असते 2 जीबीच्या आसपास, ती जाते 27 मिनिटांत. तेव्हा सगळ्याचा रोज फुल घ्या असं कुणी म्हणत असेल तर त्यानं अनसिंगमध्ये येऊन राहावं. इन्क्रिमेंटल नसतं तर आमच्यासारख्यांच्या माहितीची लांबची प्रतच नसती.

'फार मोठं आहे म्हणून बॅकअप नाही' या वाटेनं गेलेल्यांचं काय होतं तेही जगानं पाहिलंय. 26 सप्टेंबर 2025 ला दक्षिण कोरियातल्या डेजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटरीची आग लागली. सरकारी नोकरांच्या फायली ठेवायच्या जी-ड्राइव्ह या यंत्रणेतले 858 टीबी गेले. बाहेर प्रत नव्हती, आणि कारण दिलं गेलं की आकारच फार मोठा होता. एवढा श्रीमंत, एवढा तंत्रज्ञ देश. तेव्हा रोजचा बदल पाठवणं चांगलंच, त्याबद्दल वाद नाही.

माझा वाद वेगळा आहे. त्या 400 जीबीत चित्रं किती आणि अक्षरं किती हे कधी पाहिलंत का? मी पाहायला लावलं. नाव, वय, निदान, औषधं, डोस, लॅबचे आकडे, रक्तगट, ॲलर्जी, गरोदर बाईचं आरएच निगेटिव्ह, सिकलसेलची नोंद, किडनीच्या पेशंटचं दर महिन्याचं क्रिएटिनिन, हे सगळं मिळून 3 जीबी. दाबून लहान केलं की 600 एमबी. आमच्या त्याच रडतखडत लाइनवर ते जातं आठ मिनिटांत.

आठ मिनिटं! म्हणजे ज्या माहितीच्या अभावी माणूस दगावू शकतो तिचा फुल बॅकअप रोज रात्री, दिवा मालवायच्या आधी, पाठवता येतो. साखळी नाही, मधला तुकडा नाही, कालची प्रत बिघडली तर परवाची आहे. तीस रात्रींच्या तीस पूर्ण प्रती ठेवल्या तरी 18 जीबी. खिशातल्या पेनड्राइव्हवर मावतील. तरीही आजोबांची ॲलर्जी त्या सगळ्या एक्स-रे चित्रांच्या गठ्ठ्यात बांधून एकाच साखळीत टाकली गेली, कारण प्रोग्राम बसवताना दोन वेगळी कामं नेमायला अर्धा तास जास्त लागला असता. मी याला तांत्रिक मर्यादा म्हणणार नाही. आळस म्हणेन. आणि विचारलं नाही म्हणून त्यातला अर्धा वाटा माझा.

चित्रांसाठी इन्क्रिमेंटल ठेवा, खुशाल ठेवा. पण ठरावीक काळानं साखळी तोडून नवी सुरू करा. हल्ली एक सोय निघाली आहे: दूरच्या सर्व्हरवरच जुना फुल आणि नंतरचे तुकडे जोडून नवा फुल तयार करतात, लाइनवर भार पडत नाही. छान आहे. पण ते जुनंच धान्य नव्या पोत्यात भरणं झालं. आधीच्या पोत्यात कीड असेल तर ती नव्या पोत्यातही जाते, पोतं कितीही कोरं दिसो. म्हणून अधूनमधून मूळ ठिकाणाहून ताजी प्रत घ्यावीच लागते. लाइनवरून जात नसेल तर डिस्कवर घ्या, कुलूपबंद करा, आणि एसटीनं न्या. हसू नका. 400 जीबीची डिस्क वाशिमला एसटीत बसून जाते तेव्हा तिचा वेग आमच्या इंटरनेटच्या कित्येक पट असतो.

'पण आमचं तर लाइव्ह आहे'

दुसरी कंपनी माझ्याकडे आली ती हे वाक्य घेऊन. त्यांच्याकडे रेप्लिकेशन आहे: इकडे टाइप केलं की काही सेकंदांत तिकडच्या सर्व्हरवर उमटतं. ऐकायला उत्तम. पण आरसा आणि फोटो यात फरक असतो. इकडे चुकून पुसलं की तिकडेही काही सेकंदांत पुसलं जातं. इकडे खंडणीखोर व्हायरसनं फायलींना कुलूप घातलं की तिकडेही कुलूपबंद फायली जातात, तितक्याच तत्परतेनं. इमारत जळाली तर आरसा उपयोगाचा. चूक झाली तर नाही. आणि दवाखान्यात आगीपेक्षा चुका जास्त होतात.

गिटलॅब नावाची कंपनी आहे, जगभरचे प्रोग्रामर तिच्याकडे आपलं काम ठेवतात. 31 जानेवारी 2017 ला त्यांच्या दोन सर्व्हरमधलं असंच रेप्लिकेशन अडकलं. रात्री उशिरा दुरुस्त करताना इंजिनिअरनं दुसऱ्याऐवजी मुख्य सर्व्हरवरचीच माहिती पुसली, सुमारे 300 जीबी. मग बॅकअप शोधायला घेतले. रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण प्रोग्रामच्या आवृत्त्या जुळत नव्हत्या. नापास झाल्याचे ईमेल तो पाठवत होता, पण ते ईमेल पोचत नव्हते. नशिबानं कुणी तरी दुसऱ्या कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून नुकसान सहा तासांवर थांबलं. कौतुक एवढंच की त्यांनी हे सगळं स्वतःहून जगापुढं मांडलं. आमच्याकडे विचारलं तर 'सर, हिरवी टिक आहे'.

आपल्या देशातलं उदाहरण याहून जवळचं. 23 नोव्हेंबर 2022 ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हर, साधारण 1.3 टीबी माहिती कुलूपबंद. देशभरातून आलेले पेशंट रांगेत आणि नोंदणी, भरती, रिपोर्ट सगळं पुन्हा कागदावर. सरकारनं संसदेत सांगितल्याप्रमाणे ई-हॉस्पिटलची सगळी माहिती एका बॅकअप सर्व्हरवरून परत मिळाली, कारण त्या सर्व्हरपर्यंत हल्ला पोचला नव्हता. यातून दोन गोष्टी कळतात. हल्ल्याच्या हाताबाहेर ठेवलेली एक प्रत असेल तर एम्सएवढं हॉस्पिटलही पुन्हा उभं राहतं. आणि माहिती शाबूत असूनही बहुतेक कामं सुरळीत व्हायला दोन आठवडे लागले. प्रत असणं वेगळं, ती वेळेत परत येणं वेगळं.

आपल्या बाबतीत त्या वेळेला कायद्याचं घड्याळही आहे. 2002 च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार दाखल पेशंटचे कागद तीन वर्षं जपायचे, आणि पेशंटनं मागितले तर 72 तासांत द्यायचे. हा तुमचा हक्क आहे, लक्षात ठेवा. आता मघाचा आकडा आठवा: 400 जीबी माहिती त्याच लाइनवरून परत खाली उतरवायला 89 तास. म्हणजे सगळं एकाच गठ्ठ्यात असेल तर सगळं नीट असूनही डॉक्टर कायद्याच्या मुदतीत बसत नाही. अक्षरांची प्रत वेगळी आणि लहान असेल तर तुमची ॲलर्जी आणि औषधं पाऊण तासाच्या आत समोर, चित्रं मागून सावकाश येऊ देत.

'माझं आभा कार्ड आहे, सगळं दिल्लीत आहे'

हे मला ओपीडीत आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं, म्हणून थोडं स्पष्ट बोलतो. आभा हा 14 अंकी क्रमांक आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 ला देशभर सुरू झालं, आणि त्याची रचनाच अशी आहे की तुमचे रिपोर्ट एका मोठ्या सरकारी गोदामात गोळा होत नाहीत. ज्या दवाखान्यानं किंवा लॅबनं ते तयार केले त्यांच्याकडेच ते राहतात, तुमच्या संमतीनं दुसऱ्या डॉक्टरला दाखवता येतात, एवढंच. खासगीपणाच्या दृष्टीनं ही रचना मला योग्य वाटते. पण तिचा अर्थ समजून घ्या. आभा हा घराचा पत्ता आहे, घर नाही. अनसिंगच्या दवाखान्यातली माहिती गेली तर अकोल्याच्या डॉक्टरला तुमच्या आभावरून काय दिसणार? आजोबांकडेही आभा होतं.

माझ्या पेशातल्या मित्रांशी याबद्दल बोललो तर दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, "आपल्यासारख्या छोट्या दवाखान्यावर कोण हल्ला करतो?" अहो, हे व्हायरस पत्ता बघून येत नाहीत, उघडं दार दिसलं की शिरतात. आणि हॅकर सोडा, आपल्याकडे वीज, उंदीर, गळकं छत आणि मधेच उडणारा स्टॅबिलायझर यांनी जितक्या डिस्क मारल्या तितक्या कुठल्या हॅकरनं मारल्या नसतील. दुसरं उत्तर, "त्यापेक्षा कागद बरा." आजोबांना कागदानंच वाचवलं, तेव्हा मी कागदाला नावं ठेवणार नाही. पण 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा पाच माणसं गेली आणि मजलेच्या मजले फायली जळाल्या. ज्या कागदाची दुसरी प्रत नव्हती तो गेला. एकाच ठिकाणी ठेवलेली एकच प्रत कागदाची असो की कॉम्प्युटरची, ती प्रत म्हणायच्या लायकीची नाही. पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरनं रूढ केलेला साधा नियम आहे: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. खर्चाचं म्हणाल तर बदललेला भाग तेवढा शोधून पाठवणारा आरसिंक हा प्रोग्राम 1996 पासून फुकट मिळतो.

आमच्याकडे आता असं चालतं. अक्षरांची पूर्ण प्रत रोज रात्री, वेगळी. चित्रांचे रोजचे तुकडे वेगळे, आणि प्रत्येक फाइलीचा आकड्यांतला ठसा इथं आणि तिकडे जुळला तरच टिक. दर तीन महिन्यांनी चित्रांची ताजी पूर्ण प्रत डिस्कवर. डिस्क पासवर्डनं कुलूपबंद, पासवर्ड बंद पाकिटात दुसऱ्याकडे. आणखी एक गोष्ट आम्ही नर्सिंग चार्टसारखी लिहून ठेवतो: रात्रीचा तुकडा किती मोठा होता. रोज 2 जीबी जाणारा तुकडा एका रात्री अचानक 200 जीबी झाला तर तो ताप आहे असं समजायचं. बहुधा कुणी तरी सगळ्या फायली बदलतोय. अशा वेळी जुन्या प्रती पुसू द्यायच्या नाहीत, आधी नेट काढायचं.

तुम्ही काय करायचं? कुठल्याही दवाखान्यात, लॅबमध्ये, माझ्याकडेसुद्धा, काउंटरवर एवढं विचारा: माझी माहिती शेवटची परत उतरवून कधी बघितली? 'बॅकअप होतो का' असं विचारू नका, त्याचं उत्तर सगळीकडे 'हो' असंच आहे. तारीख विचारा. तारीख सांगता आली नाही तर तुमचे कागद तुम्हीच जपा. तसेही जपाच. रिअ‍ॅक्शन आलेल्या औषधाचं नाव जाड अक्षरात एका कार्डावर लिहून आधारच्या कव्हरमध्ये ठेवा, घरातल्या दोघांना तोंडपाठ करून घ्या. व्हॉट्सॲपवरचा फोटो मोबाइल बदलला की जातो, त्याच्या भरवशावर राहू नका.

आमची तारीख विचाराल तर महिन्याचा पहिला रविवार. मागच्या खोलीत एक जुना, नेट नसलेला कॉम्प्युटर आहे. त्यावर आदल्या रात्रीची प्रत कोरी उतरवायची, आणि सिस्टरनं कागदी रजिस्टरमधून कुठलीही पाच नावं काढून त्यांची ॲलर्जी, औषधं, रक्तगट जुळतात का ते बघायचं. पाचातलं पहिलं नाव दर वेळी त्या आजोबांचं असतं. मागच्या रविवारी चार जुळले आणि पाचवं नाव सापडेना. आम्ही तासभर हवालदिल. शेवटी कळलं की त्या बाईंचं नाव एकदा माहेरच्या आणि एकदा सासरच्या आडनावानं टाइप झालं होतं आणि त्यांची फाइल दोन जागी अर्धी अर्धी पडली होती. तेही आता दुरुस्त करायला घेतलंय.